दार वाजवलं तिथंच चुकलं

हासिंतोने सासूला खड्ड्यात घातलं.

मुद्दाम नाही हो. गाडी घसरली, रस्त्याकडेच्या चरात नाक खुपसून बसली, आणि गाडीत सासू होती. एवढंच. पण स्किपर्स कोव्ह या खाडीकाठच्या गावात ही गोष्ट अजून अशीच सांगतात, की मेक्सिकोचा एक जावई आला, सासूला खड्ड्यात घातलं आणि आमच्याकडे केक खात बसला. केक खाल्ला हे खरंय. पण कसा खाल्ला ते ऐका.

हासिंतो आणि त्याची बायको आरासेली त्या वसंतातच कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला आलेली. तो खेकड्यांच्या कारखान्यात, ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात. पहिलाच हिवाळा. नाताळ झाला आणि आरासेलीची आई आली. दोन्या तोमासा. म्हणजे तोमासाबाई. मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरातलं आपलं गाव सोडून बाई उभ्या जन्मात कुठं गेली नव्हती, ती एकदम विमानात बसून इथं. आरासेलीला ड्यूटी, म्हणून विमानतळावर हासिंतो एकटाच गेला.

"या या, दोन्या तोमासा! प्रवास कसा—"

"मी लेकीला न्यायला आलेय," सासू म्हणाली. "बघायला नाही. बघते मी रोज फोनवर."

झालं. हासिंतोचा चेहरा तिथंच उतरला. आरासेली आईच्या शब्दाबाहेरची नाही. लग्नसुद्धा आईने हो म्हटल्यावर झालं, आणि तो होकार तरी कसा, "बरं, सध्या दुसरा कोणी दिसत नाही" असा. आता ही 'चल' म्हणाली की आरासेली चालायला लागणार. रडत जाईल, पण जाईल.

सासू मागच्या सीटवर बसली. पुढे बसा म्हटलं तर म्हणाली, "पुढे काच असते."

हासिंतोने विचार केला, हिला जरा देश दाखवू. हायवेने गेलं तर नुसता बर्फ आणि ट्रक. किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने गेलं तर समुद्र, खडक, रंगीत घरं. मन बदलेल कदाचित. पेट्रोल पंपावरचा माणूस म्हणाला, "आज किनाऱ्याने नको जाऊ, पोरा." हासिंतो हसून हो म्हणाला आणि किनाऱ्यानेच गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"झाडं कुठायत?" सासूने विचारलं.

"ही काय."

"ही झाडं? असल्याने आम्ही दात कोरतो."

थोडं पुढे गेल्यावर,

"माणसं कुठायत?"

"घरात असतील. थंडी आहे ना."

"विमानतळापासून बघतेय मी. एक माणूस नाही रस्त्यावर. ते एक बैलाएवढं हरीण दिसलं, तेही तोंड फिरवून गेलं." मग जरा थांबून म्हणाली, "जिथं दाराशी कोणी येत नाही, तिथं माझी लेक राहणार नाही. उद्या तिला काही झालं तर खांदा कोण देणार? ते हरीण?"

 खरं सांगायचं तर हासिंतोलाही या देशात कारखान्याबाहेरचं कोणी माहीत नव्हतं. तो आरशात बघून काहीतरी बोलायला गेला, आणि तेवढ्यात वळण आलं. वळण डावीकडे गेलं. गाडी सरळ गेली.

धप्प.

इंजिन बंद. सगळं शांत. वारा फक्त.

मागून आवाज आला, "आलं का घर?"

फोनला रेंज नाही. इंजिन खोकलं, पण चालू काही होईना. संध्याकाळचा अंधार इथं दुपारीच पडायला लागतो. लांब खाली दिवे दिसत होते चार-दोन. हासिंतो म्हणाला, मी पळत जातो, माणसं घेऊन येतो. सासूने त्याला तसं जाऊ दिलं नाही. जावई नकोसा असला तरी लेकीचं कुंकू होतं ते. तिने आपली शाल त्याच्या डोक्याला बांधली, त्यावरून गाडीत राहिलेला आरासेलीचा गुलाबी फुलांचा स्कार्फ नाकातोंडाला गुंडाळला, जाड गोधडी होती ती त्याच्या पाठीवर जॅकेटच्या आत कोंबली. आणि आपला एक लोकरी घागराही त्याच्या पॅंटवरून चढवला. पायात कारखान्यातले रबरी बूट होतेच.

"तुम्ही इथून हलू नका," हासिंतो म्हणाला.

"हलून जाऊ कुठं? नाचायला?"

तर असा हा गडी, पाठीवर कुबड, कमरेला घागरा, तोंडाला फुलाफुलांचं फडकं, वाऱ्याशी झोंबत स्किपर्स कोव्हच्या पहिल्या घरी पोहोचला. आणि सभ्य माणसासारखं त्याने मागचं दार वाजवलं.

तिथंच चुकलं.

स्किपर्स कोव्हमध्ये दार वाजवत नाहीत. शेजारी येतो तो दार ढकलून सरळ चुलीपाशी येतो, बूट काढता काढता बोलायला लागतो. कुणाच्या घरी कुणी मेलं तरी दार वाजत नाही. वर्षभरात दार वाजतं ते फक्त नाताळनंतरच्या बारा दिवसांत, संध्याकाळी, जेव्हा सोंगं येतात. तोंडावर उशीचे अभ्रे ओढून, बाप्यांनी बायकांचे झगे आणि बायकांनी बाप्यांचे कोट घालून, कुबडं काढून शेजारीच शेजाऱ्यांच्या घरी येतात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलतात. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की सोंगाने तोंड उघडं करायचं. ओळखेपर्यंत खाऊपिऊ घालायचं आणि नाचवायचं.

हे हासिंतोला कोण सांगणार?

आत अँब्रोज काका, फिलोमिना काकू आणि शेजारचा सिरिल चुलीभोवती बसले होते. दार वाजलं आणि तिघांचे डोळे चमकले. अँब्रोज काका तर उठूनच उभा राहिला. सोंगं ओळखण्यात अख्ख्या कोव्हमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. लग्न झाल्यापासून एकदाही हरला नव्हता, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचा.

"कोण आहे?" काकूने सुरात विचारलं.

हासिंतोला धाप लागलेली. श्वास आत ओढत तो कसाबसा म्हणाला, "आत... येऊ?"

"या या या! सोंग आलं गं बाई!"

तिघांनी मिळून त्याला आत ओढलं. ऊब अंगावर आली तसा हासिंतो चुलीकडे सरकला. त्यांनी त्याला फिरवून फिरवून बघितलं.

"उंची बघ. लिओनार्ड आहे," सिरिल म्हणाला.

"लिओनार्डला एवढी अक्कल कुठली," काका म्हणाला. "हा घागरा बघ. विणकाम बघ. दुकानातलं नाही हे."

काकूने कुबड चाचपलं. "उशी नाही, गोधडी आहे. एवढी जाड गोधडी कोणाकडे आहे रे आपल्यात?"

हासिंतोने आपलं मोडकंतोडकं इंग्रजी गोळा केलं. "प्लीज. गाडी. गाडी खड्डा."

"आवाज बघा काय काढलाय!" काकूने टाळी वाजवली. "कुठला म्हणायचा हा?"

"स्पेनचा. स्पेनचा काढतोय. डेनिस! डेनिस स्पॅनिश बोटीवर होता की," काका म्हणाला.

"मी डेनिस नाही," हासिंतो म्हणाला.

"डेनिस असता तर हेच म्हणाला असता," काका म्हणाला.

हासिंतोने स्कार्फ सोडायला हात वर नेला. काकाने मनगट पकडलं. "ए ए ए! आधी ओळखू दे. लाज नाही वाटत? असा स्वतः तोंड उघडतो का कोणी?" आणि तसंही स्कार्फ सुटणार नव्हता. वाटेत श्वासाची वाफ होऊन, तिचा बर्फ होऊन, फडकं मिशीला पक्कं चिकटलेलं. हासिंतोने जोर लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात सिरिलने मांडीवर अकॉर्डियन घेतलं, काकूने ग्लासभर रम आणि केकचा ढलपा आणला आणि स्कार्फच्या खालच्या फटीतून त्याच्या तोंडात सारला.

"खा, बाळा. वर्षभर भिजवलेली फळं आहेत."

आता तोंडात केक असताना माणूस कोणत्याही भाषेत काय बोलणार? हासिंतोने गिळला. चांगला होता, ते त्याला त्या गडबडीतही कळलं. मग जिवाच्या आकांताने ओरडला,

"सासू! माझी सासू! खड्ड्यात! थंडी! मरेल!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आणि मग हसू असं फुटलं की विचारू नका. सिरिलच्या मांडीवरचं अकॉर्डियन घरंगळलं. काकाने टेबल बडवलं.

"लिओनार्डच! मी सांगत होतो ना?" सिरिल म्हणाला. "सासूला खड्ड्यात घालायची हौस अख्ख्या कोव्हमध्ये लिओनार्डलाच आहे."

"लिओनार्डलाच?" काकाने डोळा मारला. "तुझ्या तोंडून तर मी स्वतः ऐकलीय."

"सिरिल," काकू म्हणाली, "तुझी सासू माझी मावशी होती. जरा जपून."

हासिंतो दाराकडे पळाला तर काका आडवा. "नाचल्याशिवाय कोणी जात नाही." अकॉर्डियन सुरू झालं. काकूने त्याचे दोन्ही हात धरून गिरकी घेतली. हासिंतोचं डोकं भणभणलं. तिकडे सासू गारठतेय आणि इकडे हा घागरा घालून नाचतोय. आरासेलीला काय सांगू? तुझी आई थंडीने गेली तेव्हा मी दुसरी गिरकी घेत होतो? आणि मग त्याची भाषाच बदलली. इंग्रजी गेलं खड्ड्यात. भडाभडा स्पॅनिश सुटलं. आधी देवाच्या आईचा धावा, मग स्वतःच्या नशिबाला शिव्या, मग या तिघांना, मग त्या हरणाला, आणि पुन्हा देवाची आई. न थांबता.

अकॉर्डियन हळूहळू बंद पडलं.

"डेनिसला एवढं येत नाही," सिरिल म्हणाला. "त्याला बिअर मागता येते आणि माफी मागता येते."

"गप्प, मी ओळखतोय," काका म्हणाला. डोळे बारीक करून हासिंतोभोवती फिरत होता. "हा चालतो कसा... हा उजव्या पायावर..."

"अँब्रोज," काकूने अजून हासिंतोचे हात सोडले नव्हते. "हा नाचत नाहीये रे. थरथरतोय."

"एक मिनिट दे मला—"

"अँब्रोज! हा आपला नाहीच!"

"आपला नाही म्हणजे? दार वाजवलं त्याने!"

काकूने काही ऐकलं नाही. किटलीतल्या गरम पाण्यात फडकं बुडवून तिने त्याच्या मिशीवर धरलं. बर्फ सुटला. स्कार्फ खाली आला. आतून निघाली एक काळी मिशी, मिशीत केक, आणि दोन भिजलेले डोळे. तिघं बघत राहिले. अख्ख्या खाडीत हे तोंड कुणी पाहिलं नव्हतं.

"कोण रे तू, राजा?" काकूने विचारलं.

"हासिंतो."

"आणि ती सासू?"

"खरी," हासिंतो म्हणाला.

"येशू, मेरी, जोसेफ!" काकू किंचाळली. "सासू खरी आहे!"

पुढे काय झालं ते हासिंतोला नीट आठवत नाही, कारण ते फार भराभर झालं. काका घरातल्या सपाता घालूनच बाहेर धावला, परत आला, बूट घालून पुन्हा धावला. सिरिलने फोन फिरवला आणि अकॉर्डियनपेक्षा मोठ्या आवाजात ओरडला, "सासू खड्ड्यात! नाही, लिओनार्डची नाही!" वरच्या अंगाला ट्रॅक्टर सुरू झाला. कुणी दोर घेतला, कुणी फावडी, कुणी चहाचा थर्मास. हासिंतोला वाटलं होतं, आता हे चिडतील. एवढा वेळ फुकट गेला, रम गेली. कुणाच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. उलट मघाशी त्याला शेजारी समजून जेवढं ओढत होते, त्याच्या दुप्पट आता ओढत होते.

वर रस्त्यावर गाडी होती तशीच. नाक चरात.

मागचं दार सताड उघडं.

आत कोणी नाही.

 "दोन्या तोमासा!" हासिंतोने हाक मारली. वाऱ्याने ती हाक समुद्रावर नेऊन टाकली. तो रस्त्याच्या त्या कडेला पळाला, या कडेला पळाला. खाली नुसते काळे खडक. त्याने डोकं धरलं आणि बर्फात बसला.

अँब्रोज काका बॅटरी घेऊन वाकला होता. बर्फात पावलं होती, खूप. आणि पावलांच्या मधून काठी टेकल्यासारखी गोल भोकं. काकाचे खांदे हलायला लागले. हासिंतोला वाटलं रडतोय. बघतो तर हसतोय. त्या क्षणी काकाचा गळा त्याच्या हातात आला असता तर ही गोष्ट वेगळी झाली असती.

"ऊठ पोरा," काका म्हणाला. "तुझ्या सासूला सोंगांनी नेलं."

"कोण सोंगं?"

"शेजारी रे."

आता आपल्याला काय, हसू येतं. पण हासिंतोच्या जागी बसून बघा. सासू पळवली गेली आणि पळवणारे कोण तर शेजारी, आणि म्हणे काळजी करू नको. पण काकूने त्याला हाताला धरून उठवलं आणि बजावून सांगितलं, "बाळा, सोंगं उपाशी ठेवत नाहीत कुणाला. चल, शोधू. कुठल्यातरी घरात असतील."

पहिलं घर मॉरीनचं. मॉरीन दारातच म्हणाली, "आत्ता गेली की! सातजणं होती. आणि ती ठेंगणी गोल कोण होती गं? आम्ही सगळे हरलो. तीन तुकडे केक खाल्ला तिने आणि चौथा खिशात घातला."

हासिंतोच्या जिवात जीव आला. तीन तुकडे म्हणजे जिवंत आहे.

मॉरीनने त्याच्याकडे बघितलं. "हा कोण?"

"ठेंगणीचा जावई."

"मग याच्या डोक्यावर टोपी का नाही?" आणि भिंतीवरची नवऱ्याची टोपी काढून तिने हासिंतोच्या शालीवर दाबून बसवली.

दुसऱ्या घरी म्हातारा जेरोम आरामखुर्चीत डुलत होता. "होती होती! नाच बघायला हवा होता. कमरेत वाकून, काठी टेकत, म्हाताऱ्यासारखी लटपटत आली आणि एकदम पाय आपटायला लागली. जमीन बघ अजून दणकतेय." त्याने हासिंतोला हातमोजे दिले. नको नको म्हणाला तर रागावला. तिसऱ्या घरी आणखी दोन टोप्या मिळाल्या आणि बातमीही, की ती ठेंगणी आता नुसती ठेंगणी नाही, तिला नवीन काहीतरी घातलंय, पण काय ते सांगणार नाही, सोंगांना शब्द दिलाय.

प्रत्येक घरातून दोघं-चौघं मागे लागत होते. शेवटी हासिंतो तीन टोप्या, सासूची शाल आणि घागरा अशा थाटात पुढे, आणि मागे अर्धा कोव्ह, अशी वरातच झाली. वाटेत ट्रॅक्टरवाल्याने ओरडून सांगितलं, "अँब्रोज! तुझ्याच घरात दंगा चाललाय!"

बरोबर आहे. घर उघडं होतं, चूल पेटलेली होती, केक टेबलावर. सोंगांना अजून काय पाहिजे?

आत सहाजणं भिंतीला टेकून उभी. तोंडावर अभ्रे, अभ्र्यांना डोळ्यांपुरती भोकं. एकाला दोन कुबडं, एकाने अंगावर मासेमारीचं जाळं पांघरलेलं, एक ठेंगणं ढोल्या पोटाचं. आणि कोपऱ्यात घोडा. काठीवर बसवलेलं लाकडी मुंडकं, खिळ्यांचे दात, दोरी ओढली की जबडा खाड्कन मिटतो. घोडा म्हणजे डेनिस, दरवर्षी. चादरीखाली वाकून चालतो.

"दोन्या तोमासा!" हासिंतो पुढे झेपावला.

काका मध्ये आला. "असं नाही. ओळखायची."

"अँब्रोज, त्याची सासू हरवलीय रे," काकू म्हणाली.

"हरवली कुठे? समोर आहे. कुठली ते तेवढं त्याला माहीत नाही. नियम तो नियम."

सोंगं जागची हलेनात. हासिंतोने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ठेंगण्या ढोल्या पोटाच्या सोंगासमोर जाऊन उभा राहिला. तीच उंची. तेच, हात बांधून उभं राहणं, जसं काही समोरचा माणूस उधळपट्टी करून आलाय. तो गुडघ्यावर बसला आणि स्पॅनिशमध्ये मन मोकळं केलं. चूक माझीच, म्हणाला. पंपावरचा माणूस नको म्हणत होता तरी आलो. तुम्हाला समुद्र दाखवायचा होता, कारण मला भीती वाटत होती. तुम्ही हिला घेऊन गेलात तर मी त्या खोलीत एकटा काय करू? माणसं नाहीत म्हणालात ते मलाही पटत होतं, म्हणून गप्प बसलो. मला माफ करा.

सोंगाने मान डोलवली. अभ्रा वर केला. आतून पांढरी दाढी निघाली.

"एक शब्द कळला नाही बाबा," दाढी म्हणाली, "पण माफ केलं."

कोव्ह हसायला लागलं ते थांबेना. हासिंतोचे कान लाल झाले. तेवढ्यात कोपऱ्यातला घोडा टकटक करत आला आणि खाड्कन त्याच्या सगळ्यात वरच्या टोपीला चावला. दुसऱ्यांदा दुसऱ्या टोपीला. आणि चादरीखालून एक हसू आलं. खोल, घोगरं, पोटातून. हासिंतोने ते ओळखलं नाही. कसं ओळखणार? लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूचं हसू त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"डेनिस, पुरे," काका म्हणाला.

"मी इकडे," जाळं पांघरलेलं सोंग म्हणालं. "घोडा तिने घेतला माझ्याकडून. दिला नाही मी. घेतला."

चादर उडाली. आत दोन्या तोमासा. वेण्या सुटलेल्या, गाल लालबुंद, ओठाला केक.

"जावईबापू," ती म्हणाली, "पुढच्या वेळी माफी मागताना आधी तोंड बघत जा."

हासिंतोने तिला मिठी मारली. तिने मारू दिली. फार नाही, पण दिली.

मग तिने सांगितलं ते हासिंतोने आपल्या इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं, आणि त्यात जे राहिलं ते तिने हातवारे करून. ती गाडीत बसली होती. काचेला खिळ्यांचे दात लागले. बाहेर बघते तर पांढरी तोंडं. तिने आधी छातीवर क्रॉसची खूण केली. मग नीट बघितलं. आणि चिडली. "आमच्याकडेही वर्ष बदललं की म्हाताऱ्यांचे मुखवटे घालून माणसं येतात, दारोदारी नाचतात. मला वाटलं, चला, इथं कोणीतरी आहे म्हणायचं. दार उघडून म्हटलं, इतक्या उशिरा येतात होय?"

"आम्हाला वाटलं, हे पलीकडच्या कोव्हचं सोंग," डेनिस म्हणाला. "गाडी बंद पडली असेल. एवढी गुंडाळून बसलेली, बोलते तेही कळेना अशी, इतकं चांगलं सोंग आम्ही बघितलं नव्हतं. तोंड तेवढं उघडं होतं, म्हणून माझ्याकडचा जादा अभ्रा दिला."

अँब्रोज काका चुलीपाशी बसला होता, तोंड लांब करून. एका संध्याकाळी दोनदा हरला होता बिचारा. "हे धरायचं नाही," तो म्हणाला. "परदेशी माणसं धरायची नसतात."

"दार वाजलं की धरायचं," काकू म्हणाली. "तूच म्हणतोस."

गाडी उद्या उजेडात काढायची ठरलं. वरच्या खोलीत गाद्या घातल्या. काकूने पानं मांडली, मीठ लावलेला मासा आणि बटाटे. दोन्या तोमासाने एक घास घेतला आणि काकूला खुणेनेच सांगितलं की मीठ फार. काकूने खुणेनेच सांगितलं की जन्मभर असंच करतो. त्यावर दोघींत जे खुणांचं भांडण लागलं त्याला तोड नाही. शेवटी तोमासाने बाही वर करून दुसरं पातेलं चुलीवर ठेवायला लावलं.

मग आरासेलीला फोन लावला. हासिंतोने लावला आणि दोन शब्द बोलतो न बोलतो तोच पलीकडून रडं. आश्रमातल्या कुणीतरी तिला आधीच कळवलं होतं. कोव्हच्या बातम्या अशाच जातात.

"आई कुठाय? हासिंतो, तू माझ्या आईला खड्ड्यात—"

सासूने फोन हातातून काढून घेतला. हासिंतो तिथंच उभा राहिला, टोपी हातात. आता ही काय बोलते त्यावर सगळं होतं. स्वयंपाकघरातली माणसंही जवळ सरकली. भाषा कुणाला कळत नव्हती, पण निकाल लागतोय एवढं सगळ्यांना कळत होतं.

"रडू नकोस, लोक बसलेत," दोन्या तोमासा म्हणाली. "कसला खड्डा? कोणी सांगितलं? गाडी उभी केली होती त्याने... हो, नीटच उभी केली होती. जरा तिरकी." मग बराच वेळ ऐकत राहिली. "नाही गं, उद्या कशी येऊ? खाडीच्या पलीकडची घरं राहिलीत. तूच ये सुट्टी काढून. इथं एवढी माणसं आहेत आणि तू तिकडे एकटी काय करतेस?... न्यायचं? कुणाला न्यायचं?"

इथं हासिंतोने हातातली टोपी पिरगळली.

"आधी माझं इथलं काम उरकू दे," सासू म्हणाली. "मग बघू. घाई काय आहे?"

तिने फोनवर तळवा ठेवला आणि हासिंतोकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत परत पाणी आलं होतं आणि तो ते मिशीत पुसत होता.

"जावईबापू, उभे काय राहिलात? घोड्याची चादर वाळत घाला. उद्या लागणार आहे मला."